मुकी शेड

शीळ आधी आत आली, माणूस मागाहून.

धाकटी त्या वेळी शेडमध्ये उकिडवी बसून पाण्याच्या ताटलीत खडे रचत होती. तित्तराची पिल्लं अंड्यातून निघतात तेव्हा जेमतेम अंगठ्याएवढी असतात. ताटलीत खडे नसले, तर पाणी प्यायला म्हणून जातात आणि त्यातच बुडतात. धाकटीच्या अंगावर पायघोळ करडा झगा होता, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली होती, आणि बराच वेळ तिने श्वाससुद्धा मोठ्याने सोडला नव्हता. तेवढ्यात दार उघडलं, आणि खांद्यावर जाळीचं भेंडोळं घेतलेला एक उंच तरुण शीळ घालत आत शिरला.

"कुणी आहे का—"

पुढचं त्याला बोलताच आलं नाही. करड्या कापडाचं एक गाठोडं जमिनीवरून उसळलं, एक ओला हात त्याच्या तोंडावर बसला, दुसऱ्या हाताने त्याची कॉलर धरली, आणि तो आल्या पावली मागच्या मागे बाहेर गेला. दार बंद झालं... अगदी हळूच, जराही न वाजता.

बाहेर लख्ख ऊन होतं. धाकटीने टोपी मागे सारली तशी तो दचकला. गाठोड्यात मुलगी असेल असं त्याला वाटलं नसावं.

"तोंडात माती गेली," तो म्हणाला.

"माती नाही, वाळू आहे. धुतलेली आहे."

"तरीच! चव बरी वाटली."

धाकटीला हसू येत होतं, पण आपण रागावलो आहोत हे ती विसरली नव्हती. "दारावरची पाटी वाचली नाहीत तुम्ही?"

"कुठली पाटी?"

तिने वळून पाहिलं. पाटी वाऱ्याने पडून गवतात आडवी झाली होती, आणि तिच्यावर एक गुबगुबीत कोंबडी ऐसपैस बसली होती.

"ती काय," धाकटी जरा नरमून म्हणाली. "त्या बाईंच्या खाली."

"मग त्यांना उठवून वाचायला हवी होती. चुकलंच माझं." त्याने कोंबडीला हात जोडले. "मी जाळीवाला. तुमच्या आबांनी मोठ्या पिंजऱ्याला जाळी लावायला बोलावलंय. आणि तुम्ही... मुक्या आहात असं वाटलं मला आधी."

"मी नाही, शेड मुकी आहे," धाकटी म्हणाली, आणि मग तिला ते समजावून सांगावंच लागलं.

समोरच्या टेकडीवर एके काळी तित्तर होते. उजाडायच्या आधीच त्यांची एकमेकांना हाका मारण्याची शर्यत लागायची, आणि धाकटी लहानपणी त्याच आवाजाने जागी व्हायची. मग एका उन्हाळ्यात गवत पेटलं, पक्षी संपले. गवत पुन्हा उगवलं, तित्तर मात्र परतले नाहीत. आबांनी जन्मभर कोंबड्या पाळलेल्या, म्हणून वनखात्याने त्यांनाच विचारलं — तित्तर वाढवून द्याल का, टेकडीवर सोडायला? आबा हो म्हणाले. त्यांनी पहिली खेप अगदी कोंबड्यांसारखी वाढवली, हातावर दाणे देऊन, लाडाने बोलून. टेकडीवर सोडले, तर सगळे तित्तर रांगेने चालत, दुपारच्या जेवणाला घरी परत!

"हसू नका," धाकटी म्हणाली. "माणसाला न घाबरणारा तित्तर जगत नाही. कुणीही येतो, उचलतो, पिशवीत घालतो. म्हणून या खेपेला पिल्लांना माणसाचा चेहरा दाखवायचा नाही आणि आवाज ऐकवायचा नाही. ही शेवटची संधी आहे. पक्षी माणसाळले, तर वनखातं काम थांबवणार, आणि आबा शेड कोंबड्यांना देणार. आबांनी ही खेप माझ्यावर सोपवलीय."

तो हसायचा थांबला. त्याने बंद दाराकडे पाहिलं. "मग माझी शीळ..."

"पहिलीच होती. विसरतील ती."

"तुम्ही?" त्याने विचारलं.

धाकटीने टोपी पुन्हा भुवयांपर्यंत ओढली आणि उत्तर न देता आत गेली. पण आत गेल्यावर बराच वेळ तिला ताटलीतले खडे नीट रचता येईनात.

घरात माणसं तीनच. आबा, आबांची बहीण म्हणजे आत्या, आणि धाकटी. थोरली लग्न होऊन गेली त्यालाही वर्षं झाली. आता जिच्यामुळे ही धाकटी, ती थोरलीच घरात उरली नव्हती, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. जाळीवाल्याला हे आत्याने पहिल्याच दिवशी चहाबरोबर सांगून टाकलं. आबांचा गुडघा, थोरलीचा नवरा, कोणती कोंबडी कुणाच्या वळणावर गेलीय — सगळंच सांगितलं. आत्याला शेडमध्ये गप्प बसावं लागे, त्याची भरपाई ती बाहेर आल्यावर करत असे.

मग अंडी गोळा करताना आत्या शिडीवरून घसरली. पाय चांगलाच मुरगळला. दुपारी पिल्लांना दाणे घालायचं काम तिचं होतं. धाकटी त्या वेळी कोंबड्यांकडे असे. आबांना तर दाराजवळसुद्धा फिरकायची बंदी होती, कारण पिल्लू दिसलं की आबांच्या तोंडून "अले माझं सोनं" निघालंच म्हणून समजा.

"मी घालतो की दाणे," जाळीवाला पिंजऱ्यावरून म्हणाला. "तसाही मी इथेच असतो."

"तुम्हाला गप्प राहता येईल?" धाकटीने विचारलं.

"तुमचा हात तोंडावर असला तर नक्कीच."

आत्या खुर्चीत मुरगळलेला पाय उंच ठेवून बसली होती. ती इतकी खोकली, की धाकटीने घाईघाईने त्याच्या हातात करडा झगा कोंबला.

धाकटीने त्याला सगळं शिकवलं, तेही एकही शब्द न बोलता. पिल्लं दिव्याखाली एकमेकांवर चढून बसली, तर त्यांना थंडी वाजतेय, दिवा खाली घ्यायचा. चोची उघडून भिंतीला चिकटली, तर उकडतंय, दिवा वर. आणि सगळीकडे सारखी पसरून, पाय ताणून झोपली, तर समजायचं आपलं काम चोख झालंय. ती बोट दाखवायची, तो मान डोलवायचा. झग्याच्या टोपीतून दोघांचे फक्त डोळे दिसायचे. आणि माणसाचे नुसते डोळेच दिसायला लागले ना, की त्या डोळ्यांकडे जरा जास्तच बघितलं जातं.

एकदा त्याने एक नवीच खूण केली. हाताने आपल्या चेहऱ्याभोवती वर्तुळ काढलं, मग नाकाला बोट लावलं, मग तिच्याकडे बोट दाखवलं. धाकटीने खांदे उडवले. त्याने पुन्हा केली.

बाहेर आल्याबरोबर तिने विचारलं, "ती कसली खूण होती? दाणे संपले?"

"नाही. टोपीतून डोळ्यांबरोबर तुझं नाकही बाहेर डोकावतं, आणि तेही रागावलेलं दिसतं, असं म्हणत होतो."

"हे सांगायला दोनदा खूण केलीस?"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं हे दोघांपैकी कुणालाच आठवत नव्हतं. बहुतेक ते मुक्या शेडमध्येच झालं असावं. न बोलता.

पिल्लं वाढली, त्यांच्या पाठीवर तपकिरी नक्षी उमटली. ती मोठ्या पिंजऱ्यात आली. पिंजरा म्हणजे झाडाझुडपांचा एक तुकडाच होता, भोवती तार आणि वर मऊ दोऱ्याची जाळी. तित्तर घाबरला की बंदुकीच्या गोळीसारखा सरळ वर उडतो, वर तार असेल तर डोकं फुटतं, म्हणून वरची जाळी मऊ. ती गाठ-गाठ हाताने बांधावी लागते. जाळीवाला रोज येत होता, रोज बांधत होता.

"जाळी लावतोय की स्वेटर विणतोय?" आत्या विचारायची. "आमची थोरली दोन मुलं वाढवून मोकळी झाली असती एवढ्यात."

"चांगल्या कामाला वेळ लागतो, आत्या."

वनखात्याच्या बाई तित्तरांची परीक्षा घ्यायला येणार, त्याला आठवडाच उरला होता. धाकटीने ठरवलं, आधी आपणच परीक्षा घेऊन बघायची. झगा काढून, आपल्या रोजच्या कपड्यांत, ती पिंजऱ्यात शिरली. फर्रर्र! सगळा थवा तिच्यापासून दूर उधळला, पार पलीकडच्या झुडपांत. धाकटीने दोन्ही मुठी आवळून मूक उडी मारली. जमलं! जमलं होतं तिला!

त्याच वेळी पलीकडून जाळीवाल्याने हाक मारली, "काय गं, झालं का? आत्या जेवायला बोलावतायत—"

झुडपं हलली. एक तित्तर बाहेर आला. मग दुसरा... मग सगळेच. माना उंच करून, तुरुतुरु पावलं टाकत, सगळेच्या सगळे तारेकडे धावले आणि त्याच्या पायांशी गोळा होऊन, चोची वर करून, उभे राहिले. शाळा सुटल्यावर आई दिसावी तसे.

धाकटीने एकदा तित्तरांकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे.

"तू बोललास," धाकटी शेवटी म्हणाली. "शेडमध्ये. यांच्याशी."

त्याचे कान लाल झाले. "थोडंसं..."

"थोडंसं? रोज?"

"रोज थोडंसं."

"काय बोलायचास?"

"असंच. इकडचं तिकडचं."

"मी तुला सगळं सांगितलं होतं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, आणि म्हणूनच त्याला ते जास्त लागलं. "शेवटची संधी आहे, हेही सांगितलं होतं." आणि ती घराकडे निघून गेली. जेवायला बसली नाही.

संध्याकाळी आबा तिच्याशेजारी पायरीवर येऊन बसले. कितीतरी वेळ ते आपला गुडघा चोळत राहिले.

"मी पहिल्या खेपेला तेच केलं होतं गं," ते म्हणाले. "जीव लागतो पोरी. त्याला तरी काय बोलायचं?"

"आबा, जीव लागून पक्षी मरणार असेल तर?"

प्रश्न विचारता विचारता धाकटीलाच काहीतरी सुचलं. तो आवाज आला की दाणे मिळतात, म्हणून पिल्लं त्या आवाजावर विसंबतात. मग तो आवाज आला की भीती वाटली तर? एकदा नाही, पुन्हा पुन्हा?

सकाळी जाळीवाला फाटकाशीच घुटमळत उभा होता. रात्रभर झोपला नसावा.

"आत ये," धाकटी म्हणाली. "बिघडवलंस तू, निस्तरायचंही तूच. पिंजऱ्यापाशी उभा राहून यांना घाबरव."

त्याने हात हवेत नाचवले. "हुर्रर्र! हाट! पळा!" तित्तर पांगले. पण त्याने दमून नुसतं "हुश्श, काय रे बाबांनो" म्हटलं मात्र, सगळे पुन्हा पायांशी.

धाकटीने कपाळाला आठ्या घातल्या. मग तिला उमगलं. "ओरडून नाही चालणार. ओरडणारा तू यांच्या ओळखीचाच नाहीस. शेडमध्ये जे बोलायचास तेच बोल. तेच शब्द, तसाच सूर. ते जवळ आले, की मी डबा वाजवते आणि आबा वरून छत्री उघडतील. ससाणा आला असं वाटेल."

जाळीवाल्याचा चेहरा उतरला. "तेच शब्द?"

"तेच."

"सगळ्यांसमोर?"

"तुला काय, इकडचं तिकडचंच तर बोलायचास ना!"

तोवर आत्याने आपली खुर्ची पिंजऱ्याजवळ आणून घेतली होती. आबा काळी छत्री घेऊन शिडीवर चढले होते. धाकटी पत्र्याचा डबा आणि लाकडी दांडा घेऊन तयार होती. जाळीवाल्याने एकदा आकाशाकडे बघितलं, एकदा फाटकाकडे, आणि शेवटी पायांपाशी आलेल्या तित्तरांकडे.

"काय मंडळी," तो हळूच म्हणाला, "झाली का जेवणं?"

धण्ण! फट्ट! तित्तर उधळले.

"उत्तम," धाकटी म्हणाली. "पुढे?"

"पुढे..." तो बोटांनी तार चाचपू लागला. "आज तुमची ताई हसली, बरं का. हसली की तिच्या नाकावर बारीक सुरकुती पडते. तुम्ही बघितलीत का?"

डब्यावरचा दांडा हवेतच राहिला.

"अगं वाजव!" आत्या ओरडली.

धण्ण!

"पुढचं बोल," धाकटी म्हणाली. तिने मान डब्यात घालायची तेवढी बाकी ठेवली होती.

"जाळी तर केव्हाच झालीय, मंडळी. मी रोज थोड्या गाठी सोडतो आणि परत बांधतो. काम संपलं की इथे यायचं कसं?"

फट्ट! या खेपेला छत्री आबांच्या हातून आपोआपच उघडली. "अरे लबाडा!" शिडीवरून आवाज आला.

"तरी मी म्हणतच होते, स्वेटर आहे!" आत्याने मांडीवर थाप मारली. "बोल रे बाबा, थांबू नकोस."

तो थांबला होता. पक्षी परत जवळ येत होते, बिचकत, थबकत. आता तो त्यांच्याकडे बघतच नव्हता.

"तुम्ही मोठे व्हाल," तो म्हणाला, "आणि टेकडीवर उडून जाल. तुम्हाला बरंय. मग मी कुठलं निमित्त काढून येऊ हो तिच्याकडे?"

डबा वाजला नाही. छत्री उघडली नाही. धाकटीला समोरचं सगळं धूसर दिसत होतं... तित्तर, तार, तारेपलीकडचा तो.

"अगं, सगळे त्याच्या पायांशी आले!" आत्या कळवळली. "नंतर रड, आधी वाजव!"

धण्ण! धण्ण! धण्ण!

त्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ हा तमाशा होऊ लागला. जाळीवाला मनातलं बोलायचा, धाकटी डबा बडवायची. हळूहळू तित्तर निम्म्या वाटेतूनच परतू लागले. मग झुडपातून नुसत्या माना काढू लागले.

"मी काय समजायचं?" एकदा हात धुताना त्याने विचारलं. "रोज दोनदा विचारतो, रोज दोनदा धण्ण. हेच उत्तर आहे का तुझं?"

"परीक्षा होऊ दे."

"आत्ताच सांगितलंस तर काय बिघडेल?"

"तुझा सूर बिघडेल," धाकटी हात पुसत म्हणाली. "पिल्लांना तुझा तो रडवेला सूर ओळखीचा आहे. मी आत्ता हो म्हटलं, तर उद्या तू गातच येशील."

ती दोन पावलं पुढे गेल्यावर त्याच्या डोक्यात उजेड पडला. "हो म्हटलं तर... म्हणजे?"

"'तर' म्हणाले मी. 'तर'!"

वनखात्याच्या बाई आल्या त्या दिवशी आकाश भरून आलं होतं. त्यांनी पिंजऱ्यात उभं राहून दाणे टाकले, टाळ्या वाजवल्या, हाका मारल्या. एकही तित्तर जवळ आला नाही. मग धाकटीने स्वतःहून सगळं खरं सांगितलं, आणि जाळीवाल्याला पुढे केलं. लपवून परीक्षा पास होण्यात तिला राम वाटत नव्हता.

तो बोलू लागला. नाकावरची सुरकुती, सोडलेल्या गाठी, निमित्त — सगळं. बाईंनी चष्मा वर सरकवला.

"हे काय बोलतायत?"

"त्यांचं रोजचंच आहे," आबा गंभीरपणे म्हणाले.

आणि झुडपांतून तित्तर उडाले! फर्रर्र करत, वाऱ्यासारखे, त्या आवाजापासून जितकं दूर जाता येईल तितकं दूर. चारपाच महाभाग तेवढे त्याच्या पायांपाशी येऊन उभे राहिले. त्यांना काही केल्या शहाणपण येणार नव्हतं.

"हे इथेच राहू देत, पुढच्या खेपेच्या अंड्यांसाठी," बाई म्हणाल्या. "बाकीचे उद्या पहाटे सोडा."

पुढच्या खेपेच्या! धाकटीने आबांकडे बघितलं. आबा छत्री मिटायचं विसरून तिच्याकडेच बघत होते.

पहाटे टेकडीवर गवत दवाने वाकलं होतं. पक्षी घालून आणलेल्या पेट्यांची दारं दोरीने उघडायची आणि लांब लपून, आवाज न करता, सगळे निघेपर्यंत थांबायचं, असा नियम. आबा आणि बाई खाली गाडीपाशी थांबले होते. धाकटी आणि जाळीवाला गवतात पालथे पडले होते, कोपराला कोपर लावून. पहिला तित्तर बाहेर आला, त्याने मान वळवून पाहिलं, आणि गवतात शिरला. मग एकेक करत सगळे. कुणीही घराच्या वाटेला वळलं नाही. थोड्या वेळाने उतारावरून कुणीतरी पहिली हाक दिली, थोडी चिरकी, शिकाऊ. दुसरीकडून उत्तर आलं.

धाकटीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. त्याने खुणेनेच विचारलं, काय झालं? तिने मान हलवली. कितीतरी वर्षांनी तो आवाज ती ऐकत होती.

पेट्या रिकाम्या झाल्या, तसा तो कुजबुजला, "सगळे गेले. आता खरंच निमित्त उरलं नाही."

धाकटी उठून बसली. इतके दिवस जपून, दाबून, गिळून ठेवलेला आवाज तिला आता आवरेना.

"निमित्त कशाला हवंय तुला?" ती ओरडली. चांगली टेकडीभर ऐकू जाईल अशी ओरडली. "मी आहे ना! मी हो म्हणतेय!"

आणि त्यांच्या पायांपासून हातभर अंतरावर, गवतात दबा धरून बसलेला एक तित्तर माणसाच्या त्या आवाजाने दचकून फर्रर्रकन उडाला, आणि मागे वळूनही न बघता उतारापलीकडे दिसेनासा झाला.

"बघितलंस?" धाकटीने हर्षाने जाळीवाल्याचा हात घट्ट धरला. "कसला घाबरला!"